फुग्यानं घरातला रेडॉन पकडायचा कसा

आमच्या भंडारा-गोंदियाकडे जमिनीखाली जुना ग्रॅनाइट आहे, अमरावती-यवतमाळकडे बहुतेक काळा बेसाल्ट, आणि युरेनियम ग्रॅनाइटात जास्त असतं, म्हणून हा उद्योग इकडच्यांनी आधी करून पाहावा. रेडॉन म्हणजे युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, त्याला वास नाही रंग नाही, फरशीच्या भेगांतून वर येतो न बंद खोलीत साचतो.

सामान लय नाही. रबरी फुगा, लोकरीचं स्वेटर, दोरा आणि गायगर काउंटरचं (टिकटिक करून किरणोत्सार मोजणारं यंत्र) किट. त्यातल्या ट्यूबला ४०० व्होल्टच्या आसपास लागतात, तेव्हा जोडताना पोट्ट्यांना दूर ठेवा.

खोली रात्रभर बंद ठेवा. सकाळी आधी नुसत्या काउंटरनं १० मिनिटांचे टिकटिक मोजा आणि लिहून ठेवा, हा आकडा नंतर प्रत्येक वेळी वजा करायचा आहे. मग फुगा स्वेटरवर चांगला घासा आणि खोलीच्या मधोमध टांगा, पंखा बंद, ४५ मिनिटं कोणी हात लावायचा नाही. रेडॉन तुटला की पोलोनियम-२१८ हे दुसरं किरणोत्सारी मूलद्रव्य होतं, त्यावर बहुतेक वेळा पॉझिटिव्ह चार्ज असतो, घासलेला फुगा निगेटिव्ह, म्हणून ते ओढलं जातं. फुग्याला गाठ मारू नका, कपड्याचा चिमटा लावा, कारण नंतर हवा हळूच सोडून तो चपटा करून ट्यूबला टेकवायचा आहे.

आता दर १० मिनिटांनी मोजत राहा. खरी परीक्षा हीच, आकडा साधारण ३० ते ४५ मिनिटांत अर्धा झाला पाहिजे. झाला तर रेडॉनचीच पिलावळ. तीन-चार तासांनीही थोडं उरलंच तर ते थोरॉनचं, म्हणजे थोरियमपासून होणाऱ्या रेडॉनच्या भावाचं, मातीच्या भिंतीतून तोही निघतो, म्हणून तर फुगा मधोमध टांगा म्हटलं.

पावसाळ्यात करू नका बाप्पा, दमट हवेत चार्ज टिकतच नाही. डिसेंबर-जानेवारी बेस्ट, तसंही थंडीत आपण दारं लावूनच झोपतो.

यातून बेकरेलचा (किरणोत्सार मोजायचं एकक) आकडा निघत नाही, फक्त ही खोली जास्त की ती एवढंच कळतं, तेही फुगा तेवढाच फुगवला न तेवढाच घासला तर. जागतिक आरोग्य संघटनेची १०० बेकरेल प्रति घनमीटरची पातळी तपासायची तर सीआर-३९ प्लास्टिकचा तुकडा तीन महिने टांगून लॅबला द्यावा लागतो. तो गरम कॉस्टिक सोड्यात टाकून किरणोत्सारानं पडलेले डाग मोजतात, ते काम घरच्या चुलीवर नकोच.

फुग्यावर काउंटर जास्त वाजला तर भेगा सिमेंटनं बुजवा, मग तीच खोली परत रात्रभर बंद ठेवून फुगा टांगा. आणि एकदा खिडकी उघडी ठेवूनही.