अपग्रेडआधी एकदा नुसतं रीबूट करा

सिस्टीम ॲडमिनच्या कामाला नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो: अपग्रेडला हात घालण्यापूर्वी सर्व्हर आहे तसा एकदा रीबूट करून बघा. हे मी कुठून शिकलो, ते सांगतो.

एका छोट्या कारखान्यातला डेबियन लिनक्स ११ वरचा सर्व्हर मी शनिवारी संध्याकाळी डेबियन १२ वर नेला. पॅकेजं बिनतक्रार बसली. रीबूट केलं आणि स्क्रीनवर एका डिस्कची वाट पाहण्याची ओळ आली. दीड मिनिट मोजून झालं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबलं. या अवस्थेत नेटवर्क सुरू झालेलं नसतं, त्यामुळे एसएसएचने (दुरून, नेटवर्कवरून) आत शिरता येत नाही. कीबोर्ड-मॉनिटर लावून समोरच बसावं लागतं. इथे रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याचा, पासवर्डही लागतो. इन्स्टॉल करताना तो ठेवलाच नसेल, तर रूट खातं बंद असल्याचा संदेश येतो आणि बाहेरून पेन ड्राइव्हने बूट करावं लागतं. म्हणून हा पासवर्ड आहे का, तेही आधीच तपासा.

माझा पहिला संशय नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, गेला. ग्रबच्या, म्हणजे बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल शिल्लक असतो, तो निवडला. तिथेही तेच घडलं. जुन्या कर्नलवरही तीच चूक येत असेल, तर नव्या कर्नलच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ही पाच मिनिटांची तपासणी तुमची रात्र वाचवते.

मग या बूटचा लॉग दाखवणारं 'जर्नलसीटीएल -एक्सबी' चालवलं. लाल ओळी स्पष्ट होत्या: डिस्क सापडली नाही, म्हणून /व्हार/लॉग माउंट झालं नाही, म्हणजे त्या फोल्डराला डिस्क जोडली गेली नाही. आठ महिन्यांपूर्वी लॉगची वेगळी डिस्क खराब होत आली होती. मी नवी बसवली, डेटा उतरवला, हाताने माउंट केली आणि एफएसटॅबमधला (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीतला) जुना यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) तसाच राहिला. तेव्हापासून सर्व्हर एकदाही बंद झाला नव्हता. म्हणजे चूक आठ महिने जुनी, अपग्रेडने ती फक्त उघड केली. आधी नुसतं रीबूट केलं असतं, तर हे कामाच्या दिवशी, शांतपणे कळलं असतं. आता मी एफएसटॅबला हात लावला की लगेच ती फाइल तपासणारं 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवतो.

त्या रात्री घाईत मी एफएसटॅबच्या त्या ओळीत 'नोफेल' घातलं, म्हणजे डिस्क नसली तरी बूट थांबत नाही. सर्व्हर सुरू झाला, मी घरी गेलो. बॅकअपच्या डिस्कला नोफेल चालतं, लॉगच्या डिस्कला ते घालू नये असं माझं आज ठाम मत आहे. मंगळवारी 'ब्लकआयडी'ने खरा यूयूआयडी पाहून एफएसटॅब दुरुस्त केली, पुन्हा रीबूट केलं. तेवढ्यात हिशेब विभागातून विचारणा आली की सोमवारचा बॅकअप का नाही. लॉग उघडला, तर शनिवार रात्रीपासून या रीबूटपर्यंतची एकही ओळ नाही!

लॉग हरवला असं वाटलं की एकच प्रश्न विचारा: त्या वेळी तो कुठे लिहिला जात होता? डिस्क माउंट नव्हती, तेव्हा /व्हार/लॉग हा रूट डिस्कवरचा (मुख्य सिस्टीम असलेल्या डिस्कवरचा) रिकामा फोल्डर होता. त्यात 'जर्नल' नावाचा फोल्डर नसल्यामुळे लॉग साठवणाऱ्या जर्नलडीने सगळं /रन मध्ये, म्हणजे रॅममध्ये ठेवलं, आणि मंगळवारच्या रीबूटबरोबर ते गेलं. म्हणूनच इमर्जन्सी मोडमधल्या स्क्रीनचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पण आरसिसलॉग हा लॉग लिहिणारा दुसरा प्रोग्राम मात्र त्या रूटवरच्या फोल्डरात साध्या फाइली लिहीत होता. खरी डिस्क माउंट होताच त्या फाइली तिच्याखाली झाकल्या गेल्या. 'माउंट --बाइंड / /एमएनटी' केलं (म्हणजे रूट डिस्क /एमएनटी खाली पुन्हा दाखवली), /एमएनटी/व्हार/लॉग उघडलं, आणि तिन्ही दिवसांचा सिसलॉग (आरसिसलॉगची मुख्य फाइल) तिथे होता. अशा झाकलेल्या फाइली जागाही अडवतात. दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणारं 'डीयू' त्या मोजत नाही, डिस्कची वापरलेली जागा सांगणारं 'डीएफ' मोजतं. दोन्हींच्या आकड्यांत मोठा फरक दिसला की मी आता हेच आधी बघतो.

याच गोंधळात मेसेजेस आणि डेमन.लॉग या लॉगच्या फाइलीही थांबलेल्या दिसल्या, पण त्याचं कारण निराळं. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग त्या बनवतच नाही, तो मजकूर सिसलॉगमध्येच असतो. वेळेचा नमुनाही बदललाय: 'जून १०' असं न येता आधी वर्ष येतं. जुन्या नमुन्यावर शोधणाऱ्या स्क्रिप्टला काहीच सापडत नाही, आणि ती चूकही दाखवत नाही.

सोमवारच्या बॅकअपचं उत्तर त्या झाकलेल्या सिसलॉगमध्ये मिळालं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनने काम रात्री दोनला, अगदी वेळेवर सुरू केलं होतं. पण स्क्रिप्टचं आउटपुट /व्हार/लॉग/बॅकअप मधल्या फाइलीत वळवलेलं होतं, आणि रूटवर तो फोल्डरच नव्हता. फाइल उघडता न आल्यामुळे शेलने (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने) स्क्रिप्ट चालवलीच नाही.