नाभीवरची पांढरी बुरशी दिसताच बुरशीनाशक फवारू नका: कॉफी बागायतदारांसाठी पावसाळी सल्ला

फुलोऱ्यानंतर १२० ते १५० दिवस उलटले आणि दाण्यातील शुष्क अंश (पाणी वगळून उरणारा भाग) २० टक्क्यांच्या पुढे गेला, की फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची मादी आत घर करू लागते. तो काळ तोंडावर आहे, म्हणून बाकीचा मजकूर नंतर वाचला तरी चालेल, पण भोक पडलेले एक फळ आजच तोडून त्याच्या नाभीकडे, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाकडे, निरखून पाहावे. भोकात अर्धी अडकलेली, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची काळी मादी आणि तिच्या पाठीवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा पुंजका दिसला, तर तो फळाचा रोग नव्हे. ती बहुधा बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी असते आणि तिने भुंगेरा मारलेला असतो. हा पुंजका पाहून घाबरलेले बागायतदार लगेच बुरशीनाशक फवारतात, त्यात ही उपयोगी बुरशीच मरते आणि पुढच्या पाहणीत तीच बाग पोखरलेल्या फळांनी भरलेली असते, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याचा रागच येतो.

ही चूक इतकी महाग का पडते, ते बुरशीच्या वंशांत, म्हणजे तिच्या निरनिराळ्या उपप्रकारांत, दडलेले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या बिव्हेरियात अनेक वेगळे वंश आहेत, हे डीएनए तपासणीनंतरच स्पष्ट झाले. २०११ मध्ये तर त्यातून स्यूडोबॅसियाना ही जातच वेगळी काढण्यात आली. कोणता वंश भुंगेऱ्याला लवकर मारतो, कोणता ऊन आणि उष्मा सोसतो, कोणता बीजाणू (बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण) भरपूर देतो, हे प्रत्येकाचे निराळे असते. तुमच्या सावलीत, तुमच्या दमटपणात टिकून राहिलेला वंश बाजारातून विकत आणता येत नाही. कोलंबियातील सेनिकाफे या कॉफी संशोधन संस्थेत वेगवेगळ्या वंशांची मिश्रणे तपासली, तेव्हा दोन जहाल वंश एकत्र केले की परिणाम वाढतोच असे नाही, हेही दिसून आले. म्हणून ‘दोन कंपन्यांची पाकिटे एकत्र मारा’ हा विक्रेत्याचा सल्ला मी तरी ऐकणार नाही.

बिव्हेरियाचे पाकीट घेतलेच, तर ग्रॅममागे किमान १ × १०⁸ जिवंत बीजाणू, उत्पादनाची तारीख आणि साठवण थंड जागेत झाली होती का, एवढे पाहून लेबलवरील मात्रेनेच, सायंकाळी किंवा ढगाळ दिवशी फवारावे, कारण उन्हात बीजाणू लवकर मरतात. मादी दाण्यात शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे उशीर झाला की कितीही महागडे पाकीट व्यर्थ जाते. तांबेरा या पानांवरच्या रोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) लागतेच, पण ते फळ टणक होण्याआधी उरकावे आणि बिव्हेरियाच्या पंपात कधीही मिसळू नये. दोन्हींत निदान पंधरा दिवसांचे अंतर असावे, हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, प्रयोगशाळेचा आकडा नव्हे.

नेहमीची कामे:
- तोडणीवेळी झाडाखाली चटई.
- गळालेली व झाडावर उरलेली फळे वेचणे.
- पोखरलेली फळे उकळत्या पाण्यात २ ते ३ मिनिटे बुडवणे. मात्र पांढरा पुंजका असलेली आधी वेगळी काढणे.
- सावलीची माफक छाटणी.
- माल १० ते ११ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे.

वेगळी काढलेल्या त्या फळांवरची बुरशी घरच्या घरी तांदळावर वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात हिरव्या-काळ्या परक्या बुरशी सहज शिरतात आणि त्यांतल्या काही विषारी असतात. ती फळे प्लास्टिकऐवजी कागदी पाकिटात भरून, त्यावर बागेतील जागा, उंची, सावलीची झाडे आणि तारीख लिहून, जवळच्या कॉफी संशोधन केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे लवकरात लवकर पोहोचवावीत. पाकिटात ओल राहिली, तर तिथे पोहोचेपर्यंत नमुन्यावर दुसरीच बुरशी चढलेली असते.