सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फूट झालं की रेकॉर्ड रूममध्ये काय करायचं

२००५ च्या पुरात मी पहिल्यांदा रेकॉर्ड रूम रिकामी केली, आणि उलट्या क्रमाने केली. सांगलीत कृष्णा चढत होती. आम्ही चौघं हाताला येईल तो रुमाल (कापडात बांधलेला दप्तराचा गठ्ठा) उचलून वरच्या मजल्यावर टाकत होतो. दाराजवळच्या रॅकमध्ये आवक-जावक आणि डेड स्टॉकची (खुर्च्या-टेबलांसारख्या सामानाची) रजिस्टरं होती, ती सगळी सुखरूप वर पोचली. आतल्या भिंतीला, अगदी खालच्या फळीवर, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या होत्या. तिथवर पोचेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. पुढे कित्येक महिने दाखल्यासाठी आलेल्या माणसाला ‘नोंद वाचता येत नाही’ सांगताना मान वर होत नसे. अभिलेखपाल, म्हणजे हे सगळं दप्तर सांभाळणारी, मीच होते, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे २००५ पेक्षाही जास्त. त्या वेळी मात्र आमचं नुकसान कमी झालं. मधल्या चौदा वर्षांत जे शिकले ते इथे लिहून ठेवतेय. आता निवृत्त आहे, वेळ आहे.

सगळ्यात आधी यादी. ती उन्हाळ्यातच करायची, पाऊस सुरू झाल्यावर नाही. कार्यालयात कागद किती काळ जपायचा त्यानुसार अ, ब, क, क-१, ड अशी वर्गवारी असतेच: अ कायमचं, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक. पण पुरात ही वर्गवारी पुरत नाही, कारण नुसतं ‘अ’ च दोन खोल्या भरून असतं. म्हणून प्रत्येक गठ्ठ्याला एकच प्रश्न विचारायचा: हे दुसरीकडे कुठे आहे का? शासन निर्णयांच्या फायली मंत्रालयापासून तालुक्यापर्यंत दहा ठिकाणी असतात, त्या बुडाल्या तरी मिळतील. जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, मूळ सभावृत्तांत, सेवापुस्तकं, मोडीतले कागद यांची बहुतेक वेळा दुसरी प्रत नसते. अशांच्या रुमालाला आम्ही लाल फीत बांधली आणि ते दाराजवळच्या रॅकवर, कमरेच्या उंचीला आणले. डेड स्टॉक आत गेला. एवढ्या एका अदलाबदलीने जितका फायदा झाला, तितका नंतरच्या कुठल्याच खर्चाने झाला नाही.

खालची फळी जमिनीपासून किमान सहा इंच वर हवी. रजिस्टरं रॅकमध्ये ठासून भरायची नाहीत. कागद भिजला की फुगतो, आणि ठासलेलं रजिस्टर मग रॅकमधून निघतच नाही. ओढलं की बांधणी हातात येते. पुराची एवढी चर्चा करतो आपण, पण नोकरीत मी सर्वात जास्त कागद भिजलेले पाहिले ते गळक्या गच्चीने आणि वरच्या मजल्यावरच्या संडासाच्या पाइपने. रेकॉर्ड रूमच्या डोक्यावर काय आहे ते एकदा जिना चढून बघून या.

मग फूट ठरवायचे. सांगलीकर पाणी फुटांतच बोलतो: ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या भिंतीवर कागद होता. ३० फुटाला क्रेट आणि प्लॅस्टिक काढून ठेवायचं. ३५ ला लाल फीत वर. ४० ला जमेल तेवढं बाकीचं. ४५ ला मेन स्विच बंद, कुलूप, आणि माणसांनी घरी जायचं, कागद कितीही राहिले तरी. आमच्याकडे कोयनेचा विसर्ग वाढला की हातात थोडा वेळ असतो. चिपळूणवाल्यांना तो नसतो. वाशिष्ठी नदीला पाऊस आणि भरतीने एकत्र गाठलं की काही तासांत बाजारपेठेत पाणी. २२ जुलै २०२१ ला तेच झालं. त्यांनी लाल फीत जूनच्या पहिल्या आठवड्यातच वर नेऊन दिवाळीपर्यंत खाली आणू नये.

किल्ली दोघांकडे ठेवा, एक नदीच्या अलीकडे राहणारा, एक पलीकडे. पूल बंद झाला की एकच किल्लीवाला काही कामाचा नाही.

आता पाणी ओसरल्यावरचं. इथे घाई आणि सबुरी दोन्ही लागतात. बुरशी साधारण ४८ ते ७२ तासांत धरते, तेवढाच वेळ तुमच्याकडे. पण आत शिरायच्या आधी वायरमनला बोलवा. हातमोजे, मास्क, गमबूट घाला. पायाला जखम असेल तर आत जाऊच नका, लेप्टोची (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती असते. फोटो काढा, पंचनामा होऊ द्या. चिखलाचा गोळा झालेला दिसला म्हणून फेकायचा नाही. सरकारी कागद नष्ट करायला परवानगी लागते, आणि खरं सांगायचं तर त्या गोळ्याच्या आतली पानं बऱ्याचदा शाबूत असतात.

भिजलेलं रजिस्टर उघडू नका. पान सुटवायला जाऊ नका. खाली फळी किंवा ताट सरकवून उचला. आम्ही द्राक्षाचे जाळीचे क्रेट वापरले. मार्केट यार्डात मिळतात, पाणी निथळतं आणि दोघांना उचलता येतात. एका क्रेटमध्ये एकच थर, रजिस्टरची बांधणीची बाजू खाली. चिठ्ठी पेन्सिलने लिहायची, पेनाने नाही.

चिखल लागला असेल तर रजिस्टर घट्ट मिटून स्वच्छ पाण्याच्या तीन टबांतून एकापाठोपाठ बुचकळायचं. घासायचं नाही. फाउंटन पेनची शाई आणि शिक्क्याची शाई पसरते, ते कागद धुवायचेच नाहीत. मोडीच्या कागदांना तर हातही लावू नका, जाणकार येईपर्यंत आहे तसे सपाट ठेवा.

वाळवताना आम्ही २००५ मध्ये दुसरी चूक केली. ऊन पडल्याबरोबर गच्चीवर पापड घालावेत तशी रजिस्टरं पसरली. पानं वेडीवाकडी झाली, शाई उडाली, पुठ्ठे फाकले. वाळवायचं सावलीत. खिडक्या उघड्या, पंखे चालू, पण वारा थेट कागदावर नको. दर वीसेक पानांनंतर कोरा न्यूजप्रिंट घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. कंटाळवाणं काम आहे. एका रजिस्टरला आठवडा सहज जातो.

म्हणूनच सगळं एकदम वाळवायला घेऊ नका. हाताला झेपतील तेवढे घ्या, बाकीचे गोठवा. गोठलेल्या कागदाला बुरशी वाढत नाही आणि तो महिनोन् महिने थांबू शकतो. आमच्याकडे पहिल्यांदा सगळ्यांना बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आठवलं. पण तिथलं तापमान शून्याच्या वर असतं. दोन-चार दिवस सावरायला ठीक, पुढे नाही. उणे १८ किंवा त्याखाली हवं, म्हणजे आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर. प्रत्येक रजिस्टर बटर पेपरमध्ये गुंडाळून पिशवीत. गुळगुळीत कागदाचे अहवाल सर्वात आधी आत टाका; ते वाळताना विटेसारखे चिकटतात आणि मग सुटत नाहीत. आइस्क्रीमवाल्याशी मे महिन्यातच बोलून ठेवा, पुरात तो फोन उचलणार नाही.

आगीबद्दल थोडक्यात. आग विझल्यावर गरम लोखंडी कपाट उघडू नका, हवा शिरली की आतले कागद भडकतात. आणि आगीत वाचलेला कागद बहुधा बंबाच्या पाण्याने भिजलेला असतो, तेव्हा वरचे सगळे नियम त्यालाही लागू. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुईसच्या सैनिकी दप्तराला आग लागली, दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. उरलेल्या ओल्या फायली त्यांनी अंतराळयानांच्या चाचणीसाठी बांधलेल्या निर्वात खोलीत वाळवल्या. (१२ जुलै म्हटलं की आपल्याला पानशेतचं फुटलेलं धरणच आठवतं. मी ही तारीख दोनदा तपासली.)

स्कॅन केलंय म्हणून निश्चिंत राहू नका. आमची हार्ड डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात होती. एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून बघा. भिजलेली डिस्क ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करू नका.

जे गेलं ते परत जुळवायचं काम वर्षभर चालतं. आम्ही जाहीर नोटीस लावली: ज्यांच्याकडे जुन्या दाखल्याची नक्कल आहे त्यांनी आणून दाखवावी. लोक पिशव्या भरून घेऊन आले. लॅमिनेट केलेले दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, कोर्टात लावलेल्या नकला. प्रत्येक कागद वरिष्ठांकडून पडताळून घेतला. मूळ वहीत काही लिहायचं नाही, वेगळं रजिस्टर घालायचं. त्यात चार रकाने: नोंद, ती कुठल्या कागदावरून घेतली, कोणी आणला, कोणी तपासला. तिसरा रकाना सोडून द्यावासा वाटतो, सोडू नका. पुढे वारसाहक्काच्या दाव्यात वकील पहिला तोच विचारतो.