आठ ते नऊची विंडो: आकडा चुकला की मी काय करते

गोव्यात रायबंदरच्या फेरी धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आम्ही एक सेन्सर बसवला आहे. दुसरा पलीकडे चोडणला, तिसरा बेतीला. दर तासाला किती दुचाक्या आल्या, एवढंच मोजायचं. एका गाडीची नोंद म्हणजे एक इव्हेंट. इव्हेंट काफ्कात, म्हणजे नोंदींच्या रांगेत, येतात आणि फ्लिंक हे येत्या नोंदींवर सतत हिशेब करणारं सॉफ्टवेअर ते एका तासाच्या टंबलिंग विंडोत, म्हणजे एकमेकांवर न चढणाऱ्या तासाच्या तुकड्यांत, मोजतं. जुलैतल्या एका सकाळी मी छत्री घेऊन रायबंदरला उभी राहिले आणि आठ ते नऊ वहीत रेघा मारल्या. वहीत २१२, डॅशबोर्डवर १६४.

अशा वेळी सेटिंग बदलायला हात शिवशिवतात. तेवढं करू नका. एकच विंडो आणि एकच की (ज्यावरून मोजणीचे गट पडतात ती; आमच्याकडे सेन्सर) घ्या, त्या वेळचे सगळे कच्चे इव्हेंट आले त्याच क्रमाने फाइलमध्ये उतरवा आणि साध्या एसक्यूएलने मोजा. तिथेच कमी भरले तर दोष सेन्सरचा किंवा नेटवर्कचा. फ्लिंकमध्ये शोधून काही हाती लागणार नाही. माझ्याकडे २१४ निघाले, त्यात दोन आयडी दोनदा आलेले. म्हणजे सगळ्या गाड्या काफ्कापर्यंत पोचल्या होत्या, हरवल्या त्या पुढे.

ही फाइल पुन्हा चालवताना एक गोष्ट सांभाळा. वॉटरमार्क म्हणजे ‘या वेळेपर्यंतचे इव्हेंट येऊन गेले’ ही फ्लिंकची खूण; ती विंडोच्या शेवटाला पोचली की विंडो बंद होते आणि तिचा नंतर आलेला इव्हेंट उशिरा ठरतो. फ्लिंक वॉटरमार्क साधारण दर २०० मिलिसेकंदांनी काढतं. तेवढ्यात तासाभराची फाइल वाचून संपते, उशिरा आलेला एकही इव्हेंट गळत नाही आणि आकडा बरोबर दिसतो. म्हणून तपासताना प्रत्येक इव्हेंटनंतर वॉटरमार्क काढायला लावा.

मग विंडोच्या सीमा पाहा. फ्लिंक त्या १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून आखतं. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे तास साडेआठला सुरू होऊन साडेनऊला संपतो. आमचा डॅशबोर्ड त्यालाच ‘८’ म्हणत होता. तासाच्या विंडोला ३० मिनिटांचा ऑफसेट, म्हणजे सीमा तेवढी सरकवणं, पुरतो. दिवसाच्या विंडोला उणे साडेपाच तास द्यावा लागतो, नाहीतर दिवस पहाटे साडेपाचला उजाडतो. ऑफसेट दिल्यावर आकडा १७१ झाला.

२१४ पैकी उरले ४३. हे मात्र मला दोन दिवस पुरले. उशिरा म्हणून टाकलेल्या इव्हेंटचा काउंटर फ्लिंकमध्ये असतोच, पण तो फक्त संख्या सांगतो. ते इव्हेंट साइड आउटपुटला, म्हणजे वेगळ्या वाटेला, वळवले तेव्हा दिसलं, की सगळे ८:४९ नंतरचे आहेत, आणि त्यांच्या वेळा अगदी बरोबर आहेत. मग ते उशिरा कसे? त्यांच्या लगेच आधी बेतीचा एक इव्हेंट होता, त्यावर वेळ ९:०३. रात्री वीज गेली आणि त्या सेन्सरचं घड्याळ १४ मिनिटं पुढे लागलं होतं. उशिरा येणाऱ्यांसाठी आम्ही दोन मिनिटांची सवलत ठेवली होती, म्हणजे वॉटरमार्क सर्वांत पुढच्या वेळेच्या दोन मिनिटं मागे राहतो, म्हणून वॉटरमार्क ९:०१ वर गेला आणि रायबंदरची विंडो ८:४९ लाच बंद झाली. की वेगळी असली तरी वॉटरमार्क कीनुसार वेगळा नसतो, आणि आमचे तिन्ही सेन्सर काफ्काच्या एकाच पार्टिशनमध्ये (कप्प्यात) होते.

सवलत वाढवली असती तर त्या दिवसापुरता आकडा जुळला असता आणि घड्याळ तसंच राहिलं असतं. आता काफ्काच्या ब्रोकरने (सर्व्हरने) नोंदवलेल्या वेळेपेक्षा मिनिटभर पुढचा इव्हेंट आला, तर तो वॉटरमार्क लावण्याआधीच बाजूला काढतो. पार्टिशनही वेगळी केली. पण मग सर्वांत मागचा वॉटरमार्क सगळ्यांना थांबवतो; बेतीला वीज नसेल तर रायबंदरचाही आकडा अडतो. म्हणून आयडलनेसची मुदत, म्हणजे किती वेळ गप्प राहिलेलं पार्टिशन धरायचं नाही ते, द्यायला विसरू नका.

आकडा जास्त येत असेल तर दोन ठिकाणी बघा. पोच मिळाली नाही की सेन्सर तोच इव्हेंट परत पाठवतो. इव्हेंट आयडी स्टेटमध्ये, म्हणजे फ्लिंकच्या आठवणीत, ठेवून दुसरा गाळा, आणि त्या स्टेटला टीटीएल (पुसून टाकायची मुदत) द्या. दुसरं ठिकाण अलाउड लेटनेस, म्हणजे विंडो बंद झाल्यावरही उशिराचे इव्हेंट घेण्याची मुभा. उशिरा आलेल्या एका गाडीसाठी विंडो पुन्हा पूर्ण आकडा सोडते, आधी १७१, मग १७२. सिंकने (आकडे जिथे लिहिले जातात त्याने) बेरीज केली तर ३४३ होतात. की आणि विंडोची सुरुवात धरून जुन्या ओळीवरच लिहा.

ती फाइल, बेतीच्या इव्हेंटसकट, आता आमच्या टेस्टमध्ये आहे. रायबंदरचे २१२ आल्याशिवाय बिल्ड पुढे जात नाही.