स्वतःचं पात्र घडवायचंय? मग चेहरा शेवटी काढा

‘स्वतःचं पात्र आणि त्याचा परिसर’ अशी असाइनमेंट मिळाली की बहुतेक स्केचबुकांत आधी डोळे उमटतात. मोठे, चमकदार डोळे, वर केसांची बट, मग चित्र खांद्यापर्यंत येतं आणि तिथंच अडतं. हातांचं काय करायचं ते सुचत नाही, म्हणून ते पाठीमागे जातात. मागे काय दाखवायचं तेही ठरलेलं नसतं, म्हणून एखादा निळसर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला जातो. असं पात्र दिसायला गोड असतं, पण ते कुठल्याही गावात, कुठल्याही वेळी उभं करता येतं आणि म्हणून ते कुणाचंच राहत नाही.

मी क्रम उलटा धरते. आधी काम, मग वेळ, मग जागा. त्यातून शरीर, शरीरावर कपडे, हातात वस्तू. चेहरा सगळ्यात शेवटी. मी जळगावला चित्रकला शिकते, घर यावल तालुक्यात आहे. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे नजर पोचेल तिथपर्यंत केळी. त्यामुळे माझं उदाहरण केळीच्या बागेतलं आहे. तुम्ही नंदुरबारचे असाल तर मिरची वाळत घालायच्या पथारीवरून सुरुवात करा, शहाद्याकडचे असाल तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून. पद्धत तीच.

पहिल्यांदा एक वाक्य लिहा. त्यात माणूस, वय, घड्याळातली वेळ, जागा आणि अंगावरची एक वस्तू एवढं आलंच पाहिजे. माझं वाक्य असं: ‘पंचावन्न वर्षांची इंदूमावशी रात्री अकरानंतर दुसऱ्यांच्या केळीबागांना पाणी सोडायला जाते, आणि तिच्या कमरेला सगळ्यांच्या मोटारखोल्यांच्या चाव्या असतात.’ इंदूमावशी मी कल्पनेनं रचली. रात्र मात्र खरी आहे. शेतीपंप चालवायला लागणारी थ्री फेज लाइट, म्हणजे वीज, पाळीनं मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असली की कुणीतरी उठून जावंच लागतं. म्हातारी माणसं, एकटी माणसं, बिबट्याच्या भीतीनं घाबरलेली माणसं आहेतच. त्यांच्यासाठी पाणी सोडणारी एक बाई गावात असती तर ती कशी असती, इथून माझं पात्र निघालं.

‘शूर’, ‘प्रेमळ’, ‘रहस्यमय’ असे शब्द या वाक्यात येऊ देऊ नका. त्यांचं चित्र काढता येत नाही. चावीचं काढता येतं.

आता जागा. इथं घाई करू नका, सगळं यातच आहे. ए-फाइव्ह वही, फोरबी पेन्सिल आणि एक बॉलपेन घेऊन त्या जागी जा, आणि शक्य असेल तर पात्राच्या वेळेलाच जा. रात्री बागेत जाताना घरचं कुणीतरी सोबत घ्या. ज्याची बाग आहे त्याला विचारून आत शिरा. आमच्याकडे कुणीतरी हमखास विचारतं, ‘काय काढू राहिली वं माय?’ वही दाखवायची, काय करतोय ते सांगायचं. बघता बघता माणसं स्वतःहून सांगू लागतात, की वॉल (पाणी सोडायचा-बंद करायचा व्हॉल्व्ह) कसा फिरवतात, लाइट गेल्यावर काय करतात, वगैरे. ते सगळं चित्राच्या बाजूला लिहून ठेवा.

बघायचं काय? केळीचं पान घ्या. ते माणसाएवढं लांब होतं. वाऱ्यानं फाटतं तेव्हा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत, शिरांच्या रेषेत फाटतं, म्हणून त्याच्या पट्ट्या होतात. पाहून न काढलेल्या चित्रांत पान लांबीच्या दिशेनं फाटलेलं असतं आणि केळी उसासारखी दिसायला लागते. नवं पान सुरळीसारखं गुंडाळलेलं, सरळ वर येतं. पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी भुकटी असते, त्यामुळे खालून पाहिलं तर हिरवा फिका पडतो. खोड लाकडाचं नसतं, पानांच्या देठांचेच थर एकावर एक बसलेले असतात, म्हणून त्यावर तिरक्या, एकमेकांवर चढलेल्या कडा दाखवाव्या लागतात. घडातली केळी खाली लोंबत नाहीत, वर वळतात. घड वजनदार असतो, त्याच्या भारानं झाड एका बाजूला कलतं आणि मग त्याला बांबूचा टेकू किंवा पट्टीचा ताण दिलेला असतो. ही तिरपी रेष चित्रात फार कामाला येते, कारण बाकी सगळं उभं असतं.

आमच्याकडे दोन झाडांत साधारण पाच फूट अंतर ठेवतात आणि ग्रँड नैन जातीचं झाड सात फुटांच्या आसपास वाढतं. हे आकडे वहीत मांडले की परस्पेक्टिव्हचा, म्हणजे जवळचं-लांबचं दाखवण्याचा, अर्धा प्रश्न सुटतो. चौकोनी लागवडीत ओळीच्या दिशेनं पाहिलं तर लांबच लांब बोळ दिसतो. थोडं बाजूला सरकलं की बोळ नाहीसा होतो आणि नुसती खोडांची गर्दी उरते. भरलेल्या बागेत आभाळ जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे पात्र बागेत ठेवायचं की बांधावर, हे आधीच ठरवावं लागतं. आत ठेवलं तर चंद्र विसरा. मी बोळ निवडला. तो उत्तरेकडे जातो आणि शेवटी टोकाला आभाळाची एक फट आणि सातपुड्याची रेष दिसते. दिशा कागदावर नक्की करून ठेवा, साधा नकाशा काढा: मोटारखोली कुठे, फिल्टर कुठे, वॉल कुठे, पात्र कुठून आलं आणि कुठे निघालं. हा नकाशा परीक्षकाला दाखवायचा नसतो. पण दुसऱ्या चित्रात तीच जागा दुसऱ्या कोनातून काढताना त्याच्यावाचून अडतं.

परिसर मनात नीट बसत नसेल तर टेबलावर उभा करा. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जातात. आयुष्याची अनेक दशकं ते घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, प्रकाश देऊन त्यांनी देखावे उभे केले. चाळीसगावच्या स्टेशनजवळचं त्यांचं घर आता कलादालन आहे, खान्देशातल्या प्रत्येक कलाविद्यार्थ्यानं ते पाहावंच असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे: पुठ्ठ्यावर कागदाच्या सुरळ्यांची खोडं चिकटवा, हिरव्या कागदाची पानं कापा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलची बॅटरी पात्राच्या डोक्याच्या उंचीवर धरा. सावल्या कुठे पडतात ते अंदाजानं काढावं लागत नाही.

असं करतानाच मला माझ्या चित्राचा प्रकाश सापडला. इंदूमावशीच्या कपाळावर पट्ट्याची बॅटरी आहे. अशी बॅटरी असली की माणूस जिकडे बघेल तिकडे उजेड, आणि बघणाऱ्याचा चेहरा अंधारात. चेहऱ्यावर येतो तो समोरच्या पानावरून परतलेला उजेड, आणि तो हिरवा असतो. गालाची वरची कड, नाकाचा शेंडा, खालचा ओठ एवढंच हिरवट उजळतं. हा प्रकाश दुसऱ्या कुठल्या पात्राला चालणार नाही. त्याला ही बाई, ही बॅटरी आणि हे पान तिन्ही लागतात. तुमच्या जागेतही असं काहीतरी असेलच. पथारीवर पसरलेल्या मिरचीचा लाल उजेड हनुवटीखाली पडत असेल. ते सापडेपर्यंत रंगाला हात लावू नका.

शरीराकडे वळू. आधी आतून पूर्ण भरलेली काळी आकृती काढा, काडेपेटीएवढी. डोळे, बटणं, घड्या काही नाही. अशा आकृत्या ढिगानं काढा, कारण लहान आकृतीला वेळ लागत नाही. मग लांब धरून बघा: हा माणूस कोण आहे ते कळतं का? इंदूमावशीनं साडी पोटरीपर्यंत खोचली आहे, साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा जुना शर्ट घातला आहे, डोक्याला कानांवरून रुमाल बांधला आहे. आमच्याकडे शेतात जाणाऱ्या बायका अशाच निघतात. वर चौकोनी शर्ट, मधे खोचलेल्या साडीचा फुगवटा, खाली दोन बारीक पाय, हा आकार काळ्यातही ओळखू येतो. कमरेच्या उजव्या बाजूला चाव्यांचा जुडगा बाहेर डोकावतो. तो काढून टाकला तर आकृती कुणाचीही होते, म्हणून तो राहिला. आवडलेल्या आकृतीवर बटर पेपर ठेवून पाय रुंद करा, पाठ वाकवा, मान पुढे काढा.

साधारण प्रौढ माणूस स्वतःच्या सात ते साडेसात डोक्यांएवढा उंच धरतात. मी मावशीला सहा डोक्यांवर आणलं, कारण पाठीला थोडा बाक आहे आणि मला ती जमिनीजवळची वाटायला हवी होती. समोरून, तीन-चतुर्थांश (थोडं वळलेलं), बाजूनं आणि पाठीमागून अशी चार चित्रं एका रांगेत काढा आणि डोळे, खांदे, कंबर, गुडघे यांवरून आडव्या रेषा ओढा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

कपड्यांत सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे डाग. केळीचा चीक कापडावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी-काळा होतो आणि धुऊन जात नाही. बागेत काम करणाऱ्याचा शर्ट लगेच ओळखू येतो तो यामुळे. पण डाग ब्रश झटकून उडवायचे नाहीत. घड खांद्यावर घेतला तर कापलेल्या दांड्यातून चीक खांद्यावर आणि पाठीवर ओघळतो. पानं कापणाऱ्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके असतात. मावशी दिवसा पानं कापायला जाते, म्हणून तिच्या उजव्या बाहीवर ठिपके दाट आहेत, डाव्या बाहीवर तुरळक. खांदा स्वच्छ, कारण घड उचलायचं काम ती करत नाही. एवढ्यावरून तिचा दिवस कसा जातो ते दिसतं, आणि कुठेही शब्द लिहावा लागत नाही.

चाव्यांचंही तसंच. मावशीला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक चावीला वेगळ्या कापडाची चिंधी बांधली आहे: जुन्या साडीचा काठ, शाळेच्या गणवेशाचा निळा तुकडा, लाल नाडा. वस्तू एकच निवडा, पण ती इतक्या जवळून काढा की तिच्यावर हात फिरवावासा वाटेल. मी चाव्यांचं वेगळं पान केलं, त्यात प्रत्येक चिंधीची गाठ दाखवली.

रंगांसाठी अजिंठ्याला जा. जळगावहून साठेक किलोमीटरवर आहे. तिथल्या कलावंतांकडे गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि निळा एवढीच सामग्री होती, आणि त्यात त्यांनी त्वचेचे किती सावळे रंग काढलेत ते पहिल्या लेण्यात उभं राहून बघा. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्राइतकाच वेळ त्याच लेण्यातल्या सावळ्या राजकन्येसमोरही घालवा. सावळ्या रंगासाठी काळा वापरू नका, बर्न्ट सिएन्ना आणि अल्ट्रामरीन मिसळा. निळा वाढवला की रात्र येते. बॅटरीचा उजेड पानातून आरपार आला तर पान पिवळट हिरवं दिसतं, लेमन यलोत जरासा सॅप ग्रीन पुरतो. पानावर पडून परत आला तर तेच पान थंड आणि निळसर दिसतं. अख्ख्या चित्रात मी उबदार रंग दोनच जागी ठेवले: चाव्यांवरच्या लाल चिंध्या, आणि बोळाच्या टोकाला डोंगरावर वणव्याची बारीक नारिंगी रेघ. उन्हाळ्यात ती खरंच दिसते. नजर चिंधीवरून रेघेवर जाते आणि मधली सगळी बाग ओलांडते.

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी काळा, करडा, पांढरा अशा तीन छटांत छोटी रचना करून बघा. तीन छटांत वाचता येत नसेल तर रंगांनी ती सुधारत नाही.

आता चेहरा. इथपर्यंत आलात की तो फारसा शोधावा लागत नाही. अंधारात बघून बघून भुवयांमध्ये पडलेली आठी, रुमालाखाली दबलेले कान, किंचित उघडं तोंड, कारण ती मोटारीचा आवाज ऐकते आहे. ओळखीच्या एकाच बाईचा चेहरा उचलू नका. एकीचं नाक, दुसरीची हनुवटी, तिसरीचा कपाळपट्टा असं जुळवा. हावभावांच्या पानावर ‘आनंदी, दुःखी, रागावलेली’ ही नेहमीची रांग लावण्यापेक्षा तिच्या रात्रीतले क्षण काढा: मध्येच फेज गेली, पानांत खसफस झाली, नळी फुटून तोंडावर पाणी उडालं, पहाटे कुणीतरी चहा दिला. तिच्या तोंडची चार वाक्यंही लिहा, आपल्या घरच्या बोलीत. ‘लाइट आली का वं?’ एवढं लिहिलं की ओठ कसे काढायचे ते हाताला कळतं.

जमा करताना काळ्या आकृत्या, चार बाजूंची चित्रं, चाव्यांचं पान, हावभाव आणि शेवटचं चित्र याच क्रमानं लावा. स्कॅनर नसेल तर फोटो सकाळी ओसरीत, सावलीत काढा, कागद भिंतीला सपाट लावून. ट्यूबलाइटखाली काढलात तर पानांवरचे दोन्ही हिरवे एकच दिसतील.