बोंडूचा चोथा त्याच दिवशी मार्गी लावा

काजूचा हंगाम उतरणीला लागला, आणि गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडण्यात पुन्हा तेच चित्र: कोळमीशेजारी, म्हणजे बोंडू (काजूचं फळ) पिळायच्या जागेशेजारी, चोथ्याचा ढीग, वर माश्यांचा घोंगाट, खालून काळपट पाणी. बी विकली, रस भट्टीवर गेला, मग चोथ्याकडे बघतो कोण? वळीव कधीही कोसळेल, म्हणून उद्यावर टाकू नका.

पिळल्यावरही चोथ्यात साखर उरते. काही मोकळी, बरीचशी पेक्टिन आणि सेल्युलोजच्या साखळ्यांत अडकलेली. ती सोडवायला विकरं लागतात, दुकानदाराच्या भाषेत एन्झाइम. पेक्टिनेज गर सैल करतं, सेल्युलेज तंतू तोडून ग्लुकोज मोकळं करतं. पण ढीग रात्रभर उघडा राहिला की रानटी यीस्ट आयत्या साखरेवर ताव मारतं, मागून व्हिनेगरचे जंतू येतात. सकाळी वास नाकाला झोंबला तर समजा, हातातली साखर गेली. त्यावर एन्झाइम ओतणं म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणं.

ही साखर काढायची असेल तर ताज्या चोथ्यात तेवढंच पाणी घाला, वाफ येईपर्यंत तापवा, पंधरा मिनिटं तसंच ठेवा. यीस्ट मरतं, तंतू मऊ पडतात. मग ५० अंशांपर्यंत निवू द्या आणि तेव्हाच विकर घाला. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवा: तीन मोजेपर्यंत कसंबसं टिकलं की झालं, हा माझा हातचा हिशोब. ६५ च्या वर विकर मरतं, आणि इथेच बहुतेकांचे पैसे पाण्यात जातात. सामू (पीएच) ४.५ ते ५ हवा. बोंडू मुळात आंबट, तेव्हा पट्टीनं तपासल्याशिवाय चुना घालू नका. सहा ते आठ तास झाकून ठेवा, अधूनमधून ढवळा.

मात्रा पाकिटावरचीच. तरी बोंडूतलं टॅनिन, म्हणजे तो घसा धरणारा तुरटपणा, विकरांनाही धरून बसतं. रसातलं टॅनिन खाली बसवायला तांदळाची पेज वापरतात. चोथ्यातही थोडी पातळ पेज आधी घालावी असं मला वाटतं. पाच किलोवर करून बघा, मग वाढवा.

दुकानातली बाटली घेताना विकराचं नाव, क्रियाशीलतेची युनिटं आणि मुदत लिहिलेली नसेल तर परत ठेवा. गेल्या वर्षी मी स्वतः एक महागडी आणली. झाकण उघडलं तर काकवीचा वास, आणि चोथा जसाच्या तसा.

निघालेलं गोड पाणी व्हिनेगरला चालेल. फेणीच्या रसात मात्र एक थेंबही नको. आंबलेला चोथा गुरांपुढे टाकू नका. पोट फुगतं, गाय झिंगते.

हाच प्रयोग उसाच्या चिपाडावर घरी करू नका. त्यात लिग्निनचं, म्हणजे लाकडाला टणक करणाऱ्या द्रव्याचं, कवच असतं. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणाऱ्या पानिपतच्या प्रकल्पातही आधी पेंढा फोडावा लागतो, मग विकरं.

एवढं जमत नसेल तर निदान खत करा. वेस्ट डिकंपोजर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जंतूंचं बाटलीतलं विरजण: २०० लिटर पाणी, २ किलो गूळ, एक बाटली. आठवड्यानं चोथा, शेण आणि सुका पाला यांच्या थरांवर शिंपडा. ही बुरशी-जंतूंची फौज तीच विकरं फुकटात बनवते. खड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. एका कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) ढीग वरच्या अंगाला होता. पहिल्याच वळवानं विहिरीचं पाणी चहासारखं झालं, आणि जूनभर घरच्यांनी पाणी शेजारून आणलं.

बाकी कामं:
- काजूच्या बुंध्याशी खोडकिडीचा भुसा तपासा.
- वाळक्या फांद्या काढा.
- कुळागरातले पाट साफ करा.
- खड्ड्यावर झापांचं छप्पर घाला, आजच.