चाच्यांची पंगत कोल्हापुरात कशी मांडावी

चाच्यांच्या नावाने पंगत घालायची असेल, तर पहिल्या वाढपात केवळ कोरडे बिस्कीट आणि पाणी द्यावे, आणि मांस, फळे व गोड पेय यांसाठी पाहुण्यांना निदान वीस मिनिटे तिष्ठत ठेवावे. यात यजमानाचा कंजूषपणा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी अटलांटिक महासागरात वावरणाऱ्या चाच्यांचे खाणे दोन टोकांचे होते: सावज सापडेपर्यंत टंचाई आणि सापडल्यानंतर चंगळ. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श चाच्याच्या जहाजावर जी लेखी कलमे होती, त्यांतले पहिलेच कलम सांगते की लुटीत मिळालेल्या ताज्या अन्नावर आणि मद्यावर प्रत्येकाचा सारखाच हक्क राहील. मात्र टंचाई आल्यास सर्वांनी मतदान करून कपात ठरवावी. नुसती रम आणि भाजलेली तंगडी मांडून या कलमाचा अर्धाच भाग पानात उतरतो, आणि हौशी मंडळी बहुधा तेवढ्यावरच थांबतात.

दिवसाचा प्रश्न कोल्हापुरात जरा नाजूक आहे. जगभरचे हौशी लोक १९ सप्टेंबरला ‘चाच्यांसारखे बोलण्याचा दिवस’ पाळतात; दोन अमेरिकन मित्रांनी १९९५ साली गमतीने काढलेली ही टूम पुढे सर्वत्र पसरली. आपल्याकडे त्या सुमारास गणपती असतात, ते नसतील तर पितृपक्ष असतो, आणि त्यातून निसटलो तर नवरात्र दारात येऊन उभे राहते. २०२३ साली तर गणेश चतुर्थी नेमकी १९ सप्टेंबरलाच आली. त्यामुळे आम्ही ही पंगत दसऱ्यानंतर, पाऊस पूर्ण उघडल्यावर, गच्चीवर घालतो. तोवर नवा गूळही बाजारात दिसू लागतो.

आणखी एक गोष्ट आधीच निकालात काढलेली बरी, कारण कोल्हापुरात हा विषय निघाला की कोणीतरी कान्होजी आंग्र्यांचे नाव घेतोच. आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. परवाना न घेता जाणारी जहाजे ते अडवीत, आणि इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले, यात इंग्रजांची सोय होती. कोल्हापूरकरांनी तर याविषयी अधिकच जपून बोलावे. मालवणचे आरमार करवीरच्या छत्रपतींचे होते, आणि कंपनीच्या कागदपत्रांत ‘मालवणी’ हा शब्द चाच्यांना पर्याय म्हणून वापरला गेला. इंग्रजांनी १७६५ साली सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ ठेवले, पुढच्या वर्षी तो कोल्हापूरला परत केला, आणि १८१२ च्या तहात मालवण अखेर आपल्याकडे घेतले. तेव्हा पंगत रॉबर्ट्सच्या नावाने घालावी, आपल्या सरखेलांच्या नावाने नको.

आधी बिस्कीट

जहाजावरचे बिस्कीट म्हणजे पीठ, पाणी आणि मीठ. यापलीकडे त्यात काही नसते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी आरमारात प्रत्येक खलाशाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, बिस्कीट ठरवून दिलेले असे, आणि चाच्यांपैकी बहुतेक जण आधी व्यापारी किंवा आरमारी जहाजांवरच राबलेले असल्यामुळे त्यांच्याही पोटात हेच जाई. ते महिनोन्महिने टिके ते त्यातला ओलावा जवळपास पूर्णपणे काढून टाकल्यामुळे.

पाच-सहा जणांसाठी अर्धा किलो जाडसर कणीक, दोन लहान चमचे मीठ आणि साधारण २०० मिलिलिटर पाणी घ्यावे. पाणी एकदम ओतू नये. पुरीच्या पिठाहूनही घट्ट, मळताना मनगट दुखेल असे पीठ झाले पाहिजे. तेलाचे किंवा तुपाचे मोहन अजिबात घालू नये. पहिल्या वर्षी हात आखडेना म्हणून मी दोन चमचे तेल घातले. बिस्किटे खुसखुशीत झाली, सर्वांनी वाखाणली, आणि महिनाभराने डबा उघडला तेव्हा खवट वासाने स्वयंपाकघर भरून गेले. पीठ अर्धा तास झाकून ठेवल्यावर पाऊण सेंटिमीटर जाडीची पोळी लाटावी, तिचे चौकोन कापावेत आणि विणकामाच्या सुईने प्रत्येकाला आरपार सोळा भोके पाडावीत. भोके नक्षीसाठी नसतात. ती नसतील तर आतली वाफ अडकून बिस्कीट पुरीसारखे फुगते आणि पोकळीत ओल राहते.

ओव्हन १८० अंशांवर तापवून दोन्ही बाजू अर्धा-अर्धा तास भाजाव्यात, मग उष्णता १२० अंशांवर आणून आणखी तासभर ठेवावे आणि ओव्हन बंद करून बिस्किटे आतच निवू द्यावीत. तव्यावर हे जमत नाही, कारण बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. ओव्हन नसल्यास नानकटाईसाठी करतो तशी कढईत मीठ पसरून, झाकण ठेवून, अगदी मंद आच द्यावी. ओळखीच्या बेकरीवाल्याने दिवसाचे काम आटोपल्यावर निवत चाललेल्या भट्टीत ताट सरकवू दिले, तर त्याहून उत्तम काही नाही. नीट झालेले बिस्कीट फरशीवर टाकल्यास फुटत नाही, कौलाच्या तुकड्यासारखे वाजते. आमच्या आत्याने पहिले बिस्कीट हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, काही न बोलता आत गेल्या आणि खलबत्ता घेऊन आल्या. त्यांनी नकळत केले ते बरोबरच होते. खलाशीही बिस्कीट फोडून, कशात तरी भिजवूनच खात. भिजवण्यासाठी कोल्हापुरात अळणीसारखी दुसरी वस्तू नाही. मटण शिजवून घेतलेले, अजून वाटणाचा स्पर्श न झालेले ते पाणी वाटीत घेऊन त्यात बिस्किटाचे तुकडे दहा मिनिटे बुडवावेत. ते आतून किंचित चिवट राहतात आणि तसेच राहायला हवेत. पाहुण्यांपैकी कोणी पांढरा रस्सा मागेल, तर द्यावा; तांबडा मात्र या टप्प्यावर देऊ नये, कारण मग टंचाईचा भास एका घोटात संपतो. मुलांना सांगण्यासारखे एवढेच की त्या काळी बिस्कीट खाण्याआधी मेजावर आपटत, म्हणजे आतले किडे बाहेर पडत.

मग लुटीचे पान

‘बुकानियर’ हा शब्दच स्वयंपाकातून आला आहे. हिस्पॅनिओला बेटावर रानगुरे आणि रानडुकरे मारून राहणारे फ्रेंच शिकारी ओल्या लाकडांच्या जाळीवर मांस ठेवून ते धुरात वाळवीत. त्या जाळीला ‘बूकां’ म्हणत, आणि पुढे हेच लोक स्पॅनिश जहाजांवर तुटून पडू लागले तेव्हा जाळीचे नाव त्यांना चिकटले. लाबा नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने कॅरिबियन बेटांवरच्या वास्तव्यात अशी एक मेजवानी वर्णिली आहे: डुकराच्या पोटात लिंबाचा रस, मीठ आणि चेचलेली मिरची भरून ते सावकाश भाजायचे. लिंबू, मीठ, मिरची. कोल्हापूर ज्या मिरचीवर जगते, ती पोर्तुगीज जहाजांतून त्याच खंडातून आपल्याकडे आली, हे लक्षात घेतले की हा पदार्थ परका वाटत नाही.

आमच्या गच्चीवर डुकराची जागा कोंबडी घेते. एक किलो मांड्यांचे तुकडे घ्यावेत, त्यांना खोल चिरा द्याव्यात, आणि चार लिंबांचा रस, तीन लहान चमचे मीठ, सात-आठ हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि थोडे कुटलेले मिरे चोळून दोन तास फ्रीजमध्ये मुरवावे. कांदा-लसूण मसाल्याचा डबा त्या दिवशी कुलपात ठेवावा. हात त्याकडे जातोच, आणि एक चमचा पडला की सगळे रोजच्या सुक्यासारखे लागते. शेगडीत कोळसा पांढुरका होईपर्यंत पेटवून, जाळी निखाऱ्यांपासून वीतभर उंच ठेवावी आणि निखाऱ्यांवर पेरूच्या किंवा आंब्याच्या ओल्या काटक्या टाकाव्यात. वर मोठे पातेले उपडे घालावे, दर वीस मिनिटांनी तुकडे उलटावेत, आणि हाडाजवळ सुरी खुपसल्यावर येणारा रस पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे सव्वा ते दीड तास, धीर धरावा. जुने शिकारी असे मांस वाळवून साठवीत, तरी आपण तो प्रयोग करू नये. त्याच रात्री संपवावे.

दुसरे ताट ‘सॅल्मगंडी’चे. १० फेब्रुवारी १७२२ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर केप लोपेझजवळ ब्रिटिश आरमाराचे ‘स्वॉलो’ हे जहाज रॉबर्ट्सवर चालून आले, तेव्हा तो सकाळी हाच पदार्थ खात बसला होता, असे दोनच वर्षांनी लंडनमध्ये छापलेल्या चाच्यांच्या चरित्रसंग्रहात म्हटले आहे. त्याच लढाईत तो मारला गेला. सॅल्मगंडी म्हणजे थंड मांस, उकडलेली अंडी, खारवलेली मासळी, कांदा आणि लोणच्यातल्या भाज्या एका मोठ्या ताटात रचून त्यावर तेल-व्हिनेगर शिंपडलेली भरगच्च कोशिंबीर. तिला ठरलेली कृती नाही, जे हाताशी असेल ते तिच्यात चालते, म्हणूनच ती लुटीला शोभते. आम्ही खारवलेल्या मासळीऐवजी कोरडा भाजलेला जवळा घेतो, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवलेले बीट आणि कांद्याच्या चकत्या लावतो, द्राक्षे असतील तर टाकतो, आणि तीन भाग शेंगदाणा तेल, एक भाग व्हिनेगर व चमचाभर वाटलेली मोहरी फेटून वरून सोडतो. शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळे ताट रचून त्यात मोडाची मटकी, भाजलेले पनीर आणि ताकातल्या मिरच्या ठेवल्या तर ते बिचकत नाहीत. कधी कधी तेच ताट आधी संपते.

बाजारात अव्होकाडो रास्त भावात मिळाला, तर एक गंमत करता येते. विल्यम डॅम्पियर हा स्वतः बुकानियर टोळ्यांबरोबर हिंडलेला निसर्गनिरीक्षक. त्याने १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात पिकलेला अव्होकाडो साखर आणि लिंबाच्या रसासह ताटलीत घोटून खातात असे लिहिले आहे. तसाच घोटावा. केळ्याच्या शिकरणीची आठवण होते. मला स्वतःला शिकरणच अधिक आवडते.

पेयाविषयी

हौशी मंडळी ज्याच्या नावाने गळा काढतात तो ‘ग्रॉग’ मुळात चाच्यांचा नव्हे. ब्रिटिश नौसेनाधिकारी एडवर्ड व्हर्नन याने ऑगस्ट १७४० मध्ये खलाशांच्या रममध्ये चौपट पाणी मिसळण्याचा हुकूम काढला, आणि तो घालीत असलेल्या ‘ग्रोग्रॅम’ या जाड कापडाच्या झग्यावरून त्याला मिळालेले टोपणनाव त्या पेयाला लागले. रॉबर्ट्सला मरून तेव्हा अठरा वर्षे झाली होती. चाच्यांच्या काळचे पेय म्हणजे रम, पाणी, साखर आणि जायफळ यांचा ‘बंबो’, आणि त्याहून मोठ्या मानाचा ‘पंच’. हा दुसरा शब्द आपल्याला ओळखीचा वाटला पाहिजे. पंचाच्या व्युत्पत्तीवर वाद आहेत, तरी शिवकाळात या किनाऱ्यावर आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने तो पाच घटकांवरून, हिंदुस्थानी ‘पाच’वरून, आला असल्याचे नोंदवले आहे.

घटक पाच: मद्य, गोडी, आंबट, पाणी आणि मसाला. आमच्या पंगतीत मुले असतात, त्यामुळे मद्याच्या जागी कडक काळा चहा येतो, आणि त्याला आधारही भक्कम आहे, कारण रॉबर्ट्स स्वतः दारूपेक्षा चहाच पसंत करीत असे. आठ पेल्यांसाठी पाच लिंबांची वरची साल किसून घ्यावी, खालचा पांढरा भाग येऊ देऊ नये, नाहीतर पेय कडू होते. हा कीस दीडशे ग्रॅम चिरलेल्या गुळात खलबत्त्याने चेचून तासभर ठेवावा. सालीतले तेल गुळात उतरते, आणि झाकण काढताच लिंबाचा जो वास येतो तो नुसत्या रसाला कधीच येत नाही. मग अर्धा लिटर गरम पाण्यात गूळ विरघळवून फडक्यातून गाळावे, कारण चांगल्या गुळातही बारीक कचकच असते. हे पूर्ण निवल्यावर पाच लिंबांचा रस, पाव लिटर कडक चहा आणि अर्धा लिटर थंड पाणी घालावे आणि पाव जायफळ वरून किसावे. गुऱ्हाळ सुरू झाले असेल आणि काकवी मिळाली, तर निम्म्या गुळाऐवजी ती घालावी. तिच्यातला किंचित जळका स्वाद रमची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. रमसुद्धा उसाच्या मळीपासूनच होते, तेव्हा नाते जवळचेच आहे. मोठ्यांपैकी कोणाला खरी रम हवी असेल, तर परवाना आणि वय पाहून ती ज्याच्या त्याच्या पेल्यात वेगळी घालावी, मोठ्या भांड्यात कधीही नको.

वाटणी कलमाप्रमाणे करावी. कोंबडीचे तुकडे मोजून ठेवावेत, सगळ्यांना सारखे वाढावेत, आणि शेवटचा एक उरला तर हात वर करून मतदान घ्यावे. आमच्याकडे गेल्या वर्षी तो नऊ विरुद्ध दोन मतांनी आत्यांना मिळाला. उरलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी कागद घालून, फडताळाच्या वरच्या खणात ठेवावीत. पावसाळ्यात ती सर्दावतात, तेव्हा श्रावणात एकदा काढून पुन्हा तासभर मंद आचेवर ठेवावी लागतात, एवढेच.